पात्र बोललं म्हणजे लेखक बोलला?

कादंबरीच्या पानाचा फोटो, एका ओळीखाली लाल रेघ आणि वर 'बघा लेखकाचे विचार!' असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. एकच ओळ समोर आली की कुणालाही तसंच वाटणार. पण ओळ बहुधा पात्राची असते.

पैठणच्या नाथांचं 'सत्वर पाव गे मला' आपल्या मराठवाड्यात कुणी ऐकलं नाही? त्यातली सून भवानीआईला सांगते, गावी गेलेला सासरा तिकडंच खपव. म्हणून नाथ सासऱ्यांवर उठले होते, असं आपण म्हणत नाही.

हार्पर ली यांची अमेरिकन कादंबरी 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) घ्या. गोष्ट सांगते ती गावातल्या वकिलाची लहान मुलगी. गोऱ्या मुलीवर अत्याचाराचा आळ आलेल्या टॉमला ज्युरी दोषी ठरवते, कारण तो काळा. मुलीच्या जखमा डावखुऱ्याने केल्यासारख्या आणि टॉमचा डावा हात निकामी, तरीही! त्या मुलीच्या आत्याबाईंना गरीब शेतकऱ्याचं पोर घरी नको. घराबाहेर न पडणारा शेजारी बू मांजरं खातो म्हणे! ही सगळी मतं गावाची. शेवटी ती मुलगी आणि तिच्या भावाचा जीव वाचवतो तो बूच.

तपासायचं तर पुस्तक ग्रंथालयातून आणा. ओळ कुणाच्या तोंडी आहे ते बघा (निवेदकही पात्रच असू शकतो), मग त्या मताचं पुढं कथेत काय होतं ते वाचा. कधी पूर्वग्रह खुद्द लेखकाचाही निघतो. पण तेही कळतं अख्खं पुस्तक वाचूनच.