बाह्यकर्णदाह, कुत्र्या-मांजरांतील

कुत्रा व मांजर यांच्या कर्णनलिकेच्या त्वचेचा दाह. तो बरा झाल्यासारखा वाटून पुनःपुन्हा उलटतो, तेव्हा त्याच्या मुळाशी बहुधा ॲलर्जी (परिभाषेत अधिहर्षता) असते. खानदेशात बोलताना ‘कान वाहतो’ किंवा ‘कान फुटला’ असे म्हणतात. यांतील दुसऱ्या शब्दप्रयोगामुळे पडदा फाटल्याचा समज होतो, परंतु बहुतेक जनावरांत पडदा शाबूत असून विकार त्याच्या बाहेरच्या बाजूस असतो.

कुत्र्याची कर्णनलिका प्रथम खाली उतरते आणि नंतर जवळजवळ काटकोनात वळून पडद्याकडे जाते. तिची लांबी जातीनुसार सुमारे ५ ते १० सेंमी. भरते. नलिकेच्या अस्तराचा वरचा थर पडद्याकडून बाहेर सरकत राहतो व मळ आपोआप बाहेर टाकतो. दाहाने त्वचा सुजली की हे सरकणे मंदावते, मळ वळणाशी साचतो, ग्रंथी अधिक स्रवू लागतात आणि नलिका अरुंद होत जाते. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास कूर्चेत (नलिकेभोवतीच्या लवचिक हाडासारख्या ऊतकात) चुना साचून ती कडक होते.

कारणांची मांडणी करताना ऑगस्ट या पशुवैद्यांनी १९८८ मध्ये मूळ कारणे, पूर्वपोषक घटक (रोगाला आधीपासून अनुकूल ठरणारे) व रोग टिकवून धरणारे घटक असे तीन गट केले. पुढे ग्रिफिन यांनी सूक्ष्मजंतूंचा संसर्ग ‘दुय्यम कारण’ म्हणून वेगळा काढला. ही दुसरी मांडणी उपचाराच्या दृष्टीने अधिक उपयुक्त दिसते, कारण तिच्यामुळे यीस्ट (एकपेशीय कवक) किंवा जीवाणू मारल्यावरही कान पुन्हा का वाहतो याचा उलगडा होतो. मूळ कारणांत परागकण व धूळमाइट (घरातील धुळीत राहणारे कोळ्याच्या वर्गातील सूक्ष्म जीव) यांमुळे होणारा ॲटोपिक त्वचादाह, अन्नातील प्रथिनांची ॲलर्जी आणि कानातील माइट ही प्रमुख होत. ‘ॲलर्जी’ ही संज्ञा पिर्के यांनी १९०६ मध्ये योजली. कुत्र्यातील ऋतुमानानुसार होणाऱ्या ॲलर्जीचे पहिले वर्णन सामान्यतः विटिच (१९४१) यांचे मानतात. ॲलर्जीकारक पदार्थ श्वासावाटे शरीरात शिरतात असे त्या काळी समजत. आज दुबळ्या झालेल्या त्वचेतून होणारा प्रवेश अधिक महत्त्वाचा मानला जातो.

कानातील यीस्टच्या नावाचा इतिहास काहीसा विचित्र आहे. वाइडमन यांनी १९२५ मध्ये ते भारतीय गेंड्याच्या सोलवटलेल्या त्वचेतून वेगळे करून पिटिरोस्पोरम पॅकिडर्माटिस असे नाव दिले. ‘पॅकिडर्म’ म्हणजे जाड कातडीचा. हा शब्द गेंड्याचा, पण यीस्ट कुत्र्याच्याच कानात सर्वाधिक सापडते. डॉज यांनी १९३५ मध्ये त्याला मॅलॅसेझिया प्रजातीत घेतले. गुस्ताफसन यांनी १९५५ मध्ये कुत्र्याच्या कानातून मिळालेले यीस्ट पिटिरोस्पोरम कॅनिस या स्वतंत्र नावाने नोंदवले. ते नाव आता पहिल्या जातीचे समानार्थी समजतात. हे यीस्ट निरोगी कानातही थोड्या प्रमाणात आढळत असल्याने ते रोगाचे कारण की परिणाम, हा वाद बराच काळ चालला. त्वचेत आधी बिघाड होतो व मग यीस्ट माजते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र काही कुत्र्यांना खुद्द यीस्टचीच ॲलर्जी होत असल्याने दोन्ही बाजूंत काही तथ्य आहे.

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत कोरडा, अतिशय कडक उन्हाळा आणि त्यानंतरचा दमट पावसाळा असा तीव्र बदल होतो. धूळमाइटला हवेतील दमटपणा लागतो. त्यामुळे पावसाळ्यात, तसेच उन्हाळ्यात दारे-खिडक्या लावून पाण्याचा कूलर चालवलेल्या खोलीत, त्याला पोषक स्थिती मिळू शकते. पावसानंतर बांधांवर व पडीक जमिनीवर माजणारे गाजरगवत माणसांत त्वचादाह घडवते. कुत्र्यांच्या बाबतीतही त्याचा संशय घेणे रास्त ठरते. घरच्या कुत्र्याला रोज दूध-भाकरी घातली जाते. अन्नाच्या ॲलर्जीत ज्वारीच्या भाकरीपेक्षा दुधावर व कोंबडीच्या मांसावर संशय आधी जातो. खात्रीसाठी पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनाचा आहार किमान आठ आठवडे द्यावा लागतो. दारात आलेल्या मुलाने एक बिस्कीट टाकले तरी ही परीक्षा बिघडू शकते.

कानात कोमट गोडेतेल सोडण्याची रीत सर्वत्र आहे. तेलाने माइट गुदमरत असल्याने ती अगदीच निराधार नाही. परंतु मॅलॅसेझियाच्या इतर बहुतेक जाती प्रयोगशाळेत वाढवताना माध्यमात ऑलिव्ह तेलासारखा स्निग्ध पदार्थ घालावा लागतो, हे ध्यानात घेता यीस्ट माजलेल्या कानात तेल ओतणे शहाणपणाचे म्हणता येणार नाही.

मांजरांत, विशेषतः पिलांत, माइट (ओटोडेक्टिस सायनोटिस) हे प्रमुख कारण असते. कॉफीच्या चोथ्यासारखा निघणारा मळ काळ्या कागदावर पसरल्यास पांढरे ठिपके चालताना दिसतात. तरुण मांजरात एकाच बाजूचा कान वाहत असल्यास मध्यकर्णातून वाढलेल्या मांसल गाठीचा विचार करतात.

निदानाची सुरुवात कापसाच्या काडीवर घेतलेल्या स्रावाने होते. तो काचपट्टीवर लोळवून रंगवला की भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचे यीस्ट, गोल जीवाणू किंवा दंडाकृती जीवाणू वेगवेगळे ओळखता येतात. दंडाकृती जीवाणूंत स्यूडोमोनास हा चिवट असतो. तो औषधांना सहज दाद देत नसल्याने संवर्धन-चाचणी (जीवाणू वाढवून त्यांवर कोणते औषध चालते ते पाहणे) करावी लागते. जेंटामायसिनसारखे थेंब घालण्यापूर्वी पडदा शाबूत आहे का हे पाहतात, कारण तो फाटलेला असल्यास औषध आतील कानात पोहोचून श्रवणशक्ती व तोल यांना अपाय करू शकते. कान सतत झाडल्याने पाळीतील रक्तवाहिनी फुटून रक्ताची मऊ गाठ येते. केवळ ती गाठ फोडून मूळ खाज तशीच ठेवली, तर गाठ पुन्हा भरते. पिसवा व गोचिडांसाठी कुत्र्यांना लावायचे परमेथ्रिन मांजरांना विषारी असल्याने ते मांजराच्या अंगावर लावत नाहीत. नलिका कायमची बंद झाल्यास ती शस्त्रक्रियेने संपूर्ण काढून मध्यकर्णाची पोकळीही साफ करतात.