कोटा आणि बायकॅचची मर्यादा: एकाच सॅल्मनचे दोन हिशेब

कोटा भरला म्हणून मासेमारी बंद झाली, किंवा बायकॅचची मर्यादा संपली म्हणून बंद झाली. बातमीत ही दोन वाक्ये सारखीच वाटतात. दोन्हींत एक आकडा असतो आणि तो गाठला की जाळी वर घ्यायची. त्यामुळे उत्तनच्या बंदरावर काय किंवा बेलापूरच्या दिवाळे गावात काय, परदेशातल्या मासेमारीचा विषय निघाला की 'तिकडे कोटा असतो' एवढ्यावर दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या जातात. खरे तर पहिला आकडा जो मासा धरायला बोट निघाली त्याचा असतो आणि दुसरा जो धरायचाच नव्हता त्याचा. पहिला पुरता भरावा म्हणून नाखवा धडपडतो, दुसरा भरू नये म्हणून. हा फरक लक्षात आला नाही तर आपल्याकडे काय लागू करावे याची चर्चाही चुकीच्या वाटेने जाते.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. वाशी-नेरूळच्या हॉटेलांत 'इंडियन सॅल्मन' म्हणून ताटात येतो तो रावस. सॅल्मनशी त्याचे नाते नाही. गळ्याजवळ दोऱ्यासारखे चार तंतू असलेला, उथळ समुद्रात आणि खाडीच्या तोंडाशी फिरणारा हा आपल्याच किनाऱ्याचा मासा. मॉलमध्ये बर्फावर मांडलेला नारिंगी सॅल्मन बहुतेक वेळा नॉर्वेतल्या पिंजऱ्यांत वाढवलेला असतो, त्यालाही पकडीचा कोटा नसतो. इथे विषय आहे अलास्काच्या समुद्रातल्या रानटी सॅल्मनचा, त्यातही सॉकाय आणि चिनूक या दोन जातींचा. दोन्ही हिशेब समजून घ्यायला यापेक्षा चांगले उदाहरण नाही, कारण तोच चिनूक एका बोटीवर कमाई असतो आणि दुसऱ्या बोटीवर दंडाचा विषय.

कोटा: धरायच्या माशाचा आकडा

सॅल्मनची मासेमारी कोट्यावर चालते असा समज आहे. अलास्कात बहुतेक ठिकाणी तसे नाही. पॅसिफिक सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, त्याच नदीत परत येऊन एकदाच अंडी घालतो आणि मरतो. म्हणून तिथले मत्स्यखाते किती धरायचे हे आधी ठरवत नाही, किती मासे नदीत वर गेलेच पाहिजेत हे ठरवते. ब्रिस्टल बे या अलास्काच्या आखाताला मिळणाऱ्या क्विचाक नदीसाठी सॉकायचे हे लक्ष्य २० लाख ते १ कोटी असे आहे. तेवढे वर गेले, की उरलेले मच्छीमारांचे.

मोजणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. ब्रिस्टल बेमधल्या स्वच्छ पाण्याच्या नद्यांवर दोन्ही काठांना मनोरे उभारलेले असतात. माणूस दर तासाला प्रत्येक काठावर १० मिनिटे वर जाणारे मासे मोजतो आणि त्या आकड्याला ६ ने गुणतो. गढूळ नद्यांत सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी मासे टिपणारे यंत्र, लावतात. रोजचा आकडा ठरलेल्या रेषेच्या मागे पडला की नदीच्या तोंडाशी असलेला मासेमारीचा पट्टा काही तासांच्या सूचनेवर बंद होतो, पुढे गेला की उघडतो. बोटींवरही बंधने आहेत: लांबी ३२ फुटांपेक्षा जास्त नको, वाहत्या जाळ्याची लांबी १५० फॅदमपर्यंत, म्हणजे सुमारे २७५ मीटर. परवाने मोजकेच असतात आणि ते विकता येतात.

टनांचा पक्का कोटा का ठेवत नाहीत? हंगामाआधीचा अंदाज चुकतो म्हणून. १ कोटी मासे येतील असे धरून ६० लाखांचा कोटा दिला आणि प्रत्यक्षात ७० लाखच आले, तर अंडी घालायला १० लाख उरतात. उलट, २०२२ साली ब्रिस्टल बेमध्ये जवळपास ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले. तिथे ठरावीक आकड्यावर थांबले असते तर कोट्यवधी मासे विनाकारण सोडून द्यावे लागले असते. नदीकाठी उभे राहून मोजता येते, तिथे कोट्याची गरज नाही.

कोटा लागतो तो मोजता येत नाही तिथे. आग्नेय अलास्काच्या खुल्या समुद्रात गळाने धरला जाणारा चिनूक हा ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन, ओरेगन अशा अनेक ठिकाणच्या नद्यांचा असतो. कुठल्या नदीचा मासा किती धरला हे बोटीवर कळत नाही. म्हणून १९८५ च्या अमेरिका-कॅनडा सॅल्मन करारानुसार तिथे दरवर्षी माशांच्या उपलब्धतेवरून एकूण पकडीची कमाल ठरते. हा खरा कोटा: आकडा वाटून दिलेला, भरला की हंगाम संपला.

पण कोट्याचे नेटके उदाहरण बेरिंग समुद्रातल्या पोलॉकचे. फिश फिंगर आणि सुरिमी (माशाच्या मांसाचा लगदा) ज्याची होते तो हा पांढऱ्या मांसाचा मासा. आधी शास्त्रज्ञ सांगतात, यापुढे गेलात तर साठा धोक्यात येईल. त्याखाली जैविकदृष्ट्या चालेल असा आकडा ठरतो आणि त्याच्याही खाली प्रत्यक्ष परवानगीचा. शिवाय बेरिंग समुद्रातल्या सगळ्या तळमाशांची बेरीज २० लाख टनांवर जाऊ द्यायची नाही. २०२४ साली पोलॉकचा आकडा १३ लाख टन होता. त्यातले १० टक्के किनाऱ्यावरच्या खेड्यांच्या गटांना जातात, उरलेले किनाऱ्यावर माल आणणाऱ्या बोटी, स्वतः मासे धरून समुद्रातच प्रक्रिया करणारी जहाजे आणि इतर बोटींचा माल समुद्रातच घेणारी मदरशिप यांच्यात ५०, ४० आणि १० टक्के असे वाटले जातात. वाटणी ठरलेली असल्याने शर्यत लागत नाही. १९९८ च्या कायद्याआधी शर्यत होती, तेव्हा वादळातही बोटी निघत.

कोट्यात बिघाड होतो तो ठरलेल्या जागी. वजन कमी लिहिले जाते. लहान मासे फेकून कोट्यात मोठेच मोजले जातात, कारण कोटा वजनाचा आणि भाव आकाराचा. फेकलेला मासा मेलेलाच असतो, पण वहीत येत नाही.

बायकॅचची मर्यादा: नको असलेल्या माशाचा आकडा

आता त्याच पोलॉकच्या ट्रॉलमध्ये, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्यात, चिनूक शिरतो. अलास्काच्या या मासेमारीत चिनूक 'मनाई केलेली जात' आहे: बोटीने तो विकायचा नाही, कोणी विकतही घ्यायचा नाही. मोजून, नमुना देऊन परत टाकायचा, किंवा खाण्यालायक असेल तर अन्नदान संस्थेला द्यायचा. सगळी व्यवस्था या एका नियमावर उभी आहे. विकायला परवानगी मिळाली असती तर चिनूकचा भाव पोलॉकपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्याला टाळण्याऐवजी त्याच्याच मागे बोटी गेल्या असत्या.

२००७ मध्ये पोलॉकच्या जाळ्यांत सुमारे १ लाख २२ हजार चिनूक आले. त्यानंतर २०११ पासून कडक मर्यादा लागू झाली. चिनूक टाळण्याचा आपसातला करार करणाऱ्या बोटींसाठी वर्षाची कमाल ६०,००० मासे. पण एरवी वर्षाची बेरीज ४७,५९१ च्या आत राहायला हवी. बोटींच्या एखाद्या गटाने सलग ७ वर्षांपैकी ३ वर्षे आपला हिस्सा ओलांडला, तर त्याची मर्यादा कायमची खालच्या आकड्यावर येते. २०१६ मध्ये आणखी एक पायरी आली: कुस्कोक्विम, युनालाक्लीट आणि वरचा युकॉन या तीन नद्यांत मिळून २ लाख ५० हजारांपेक्षा कमी चिनूक परतले, तर पुढच्या वर्षी ६०,००० चे ४५,००० होतात आणि ४७,५९१ चे ३३,३१८.

इथे एकक बघा. पोलॉक टनांत, चिनूक नगांत. दोन्ही आकडे जोडले की बोटीवर रोज वापरता येणारे माप मिळते. १३ लाख टनांमागे ६०,००० मासे म्हणजे साधारण २२ टनांमागे एक चिनूक. १०० टनांची एक ओढ काढली आणि त्यात १० चिनूक निघाले, तर ती ओढ परवडणाऱ्या दराच्या दुपटीहून वर गेली. तांडेलाने तिथून हलायला हवे, पोलॉकचा थवा कितीही दाट असो.

हलायचे कुठे, तेही बोटींनी आपसांत बांधून घेतले आहे. जास्त चिनूक लागणाऱ्या जागांची माहिती रोज एकत्र होते आणि त्या जागा काही दिवस बंद होतात. जाळ्यातही बदल आहेत. ट्रॉलच्या वरच्या बाजूला सॅल्मनसाठी सुटकेची वाट ठेवतात; सॅल्मन पोलॉकपेक्षा ताकदीने पोहतो, पुढे सरकून वरच्या फटीतून निसटतो, पोलॉक मात्र मागे वाहत जातो. ओढण्याचा वेग मध्ये कमी केला तर सॅल्मनला प्रवाहाविरुद्ध सरकणे सोपे जाते. हिवाळ्यातल्या हंगामात, जो २० जानेवारीला सुरू होतो, आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चिनूक जास्त लागतो. म्हणून जून-ऑगस्टमध्ये पोलॉक उरकणे शहाणपणाचे.

मर्यादेतला सगळ्यात मोठा बिघाड मोजणीचा. पोलॉकसारखा भरपूर मासा नमुन्यावरून मोजला तरी चूक थोडी राहते. चिनूक दुर्मीळ. दहावा हिस्सा तपासला आणि त्यात २ निघाले, तर पूर्ण ओढीत २० धरायचे, पण खरे ५ असतील किंवा ४०. म्हणून आता प्रत्येक बोटीवर निरीक्षक किंवा कॅमेरा असतो आणि नमुना नाही, एकूण एक सॅल्मन मोजला जातो. निवडून काढलेले मासे सगळ्यांना दिसेल अशा वेगळ्या पेटीत ठेवायचे, निरीक्षकाने मोजेपर्यंत हात लावायचा नाही. दर १० चिनूकमागे एकाचा तुकडा जनुकीय तपासणीला जातो, कारण ६०,००० हा आकडा मासा कुठल्या नदीचा हे सांगत नाही. समुद्रात धरलेला ३ वर्षांचा चिनूक नदीपर्यंत पोचलाच असता असेही नाही. म्हणून वय पाहून परतू शकणारे किती होते हा हिशेब वेगळा मांडतात.

दुसरा बिघाड सामाईक मर्यादेचा. मर्यादा सगळ्यांची मिळून एकच असेल, तर एका बेफिकीर बोटीमुळे सगळ्यांचा हंगाम बंद होतो. मग प्रत्येक जण बंद व्हायच्या आत आपला पोलॉक उरकू बघतो आणि चिनूक आणखी वाढतो. म्हणून ही मर्यादाही गटांत आणि बोटींत वाटून दिली आहे. मर्यादा संपली की कोटा शिल्लक असूनही बोट बांधावी लागते. कोट्यात असे होत नाही, तिथे बंद होणे म्हणजे वर्षाचे काम पूर्ण होणे.

आणि मर्यादा म्हणजे परवानाही होतो, हे त्यातले सगळ्यात दुखरे. युकॉन नदीत चिनूक इतका घटला की २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने सात वर्षे तो धरायचाच नाही असे ठरवले. नदीकाठच्या गावांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न त्यामुळे थांबले, आणि समुद्रातल्या ट्रॉलरला मात्र हजारोंची मर्यादा अजून आहे. ट्रॉलमधले सगळे चिनूक युकॉनचे नसतात हे खरे, पण त्या गावांचा प्रश्नही खराच आहे. आकडा पाळला गेला एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही.

उत्तन आणि दिवाळ्याला यातले काय लागते

महाराष्ट्रात टनांचा कोटा नाही. १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखाली जाळ्याच्या आसाचे (छिद्राच्या आकाराचे) नियम, क्षेत्राची बंधने आणि १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी आहे. २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरला. किमान आकार म्हणजे कोटा नव्हे आणि बायकॅचची मर्यादाही नव्हे. तो एकेका माशाला लागतो, बेरजेला लागत नाही.

डोळ जाळ्याला पोलॉकसारखा कोटा लावून चालणार नाही. भरती-ओहोटीच्या ओढीवर ताणलेल्या या जाळ्याच्या खोल्यात, म्हणजे शेवटच्या पिशवीत, बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, ढोमा असे सगळे एकत्र येते, आणि जवळपास सगळे विकले जाते किंवा वलांडीवर आणि जमिनीवर सुकते. धरायचा कोणता आणि नको तो कोणता, ही रेघच तिथे ओढता येत नाही. जातीनुसार कोटा दिला तर मांदेलीचा आकडा भरल्यावर बोंबलासाठी जाळे लावायचे कसे? शिवाय माल टोपलीने आणि वाट्याने जातो. वजनाचा हिशेब लिहायला काटाच नसेल तर कोटा कागदावर राहील.

बायकॅचच्या मर्यादेची कल्पना मात्र उपयोगी पडू शकते, जातीऐवजी पिल्लांना लावली तर. डोळीच्या बारीक आसात पापलेटची बोटभर पिल्ले येतात. त्यांना भाव नाही, आणि मोठी झाली असती तर तीच गिलनेटवाल्याच्या (माशाला कल्ल्यांशी अडकवणारे जाळे लावणाऱ्याच्या) घरचे पीक असती. त्यांची मोजणी मच्छीमार सोसायटी स्वतः करू शकते: प्रत्येक बोटीने उधाणाच्या दिवसांत एका भरतीला खोला रिकामा केल्यावर एक टोपली बाजूला ठेवायची, पिल्ले वेगळी करून नग मोजायचे, सोबत तारीख, वेळ, जागा आणि पाण्याची खोली लिहायची. एक टोपली दुर्मीळ माशासाठी अपुरी, हे चिनूकने शिकवले आहे. पण पिल्लांचा लोंढा आला की टोपलीतही तो दिसतो. ठरलेल्या नगांच्या वर आकडा गेला की त्या पट्ट्यात पुढच्या काही भरत्या जाळी लावायची नाहीत.

एक अडचण आधीच ओळखून ठेवायला हवी. ट्रॉलर दुसरीकडे हलतो. समुद्रात ठोकलेल्या खुंटावरची डोळ हलत नाही, ती फक्त न लावता येते, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे बंद ठेवायच्या भरत्यांचा तोटा कोणी आणि कसा वाटून घ्यायचा, हे नगांचा आकडा ठरवण्याआधी लिहून ठेवावे लागेल.