शर्यतीच्या नॉर्टनमधलं एरंडेल: जुन्या रेसिंग मोटरसायकलच्या तेलामागचा इतिहास

मॅन्क्स नॉर्टन, एजेएस ७आर किंवा मॅचलेस जी५० यांसारखी जुनी ब्रिटिश शर्यतीची मोटरसायकल गरम झाली की धुराला एक गोडसर, जळका वास येतो. तो एरंडेलाचा वास. आपल्याकडे पोट साफ करायला घेतलं जाणारं हे तेल ब्रिटिश शर्यतींच्या इंजिनात का गेलं आणि आजही काही गाड्यांत का आहे, हे कळलं की तेलाची निवड निम्म्याने सोपी होते.

१९०७ साली आइल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटावर पहिली टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) मोटरसायकल शर्यत झाली. तेव्हाच्या मोटरसायकलींत तेल फिरून टाकीत परत येत नसे. स्वार हातपंपाने थोडं थोडं तेल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, सोडायचा आणि ते जळून किंवा गळून संपायचं. त्या काळच्या खनिज तेलात आजच्यासारखी रसायनं मिसळलेली नसत. जोरात पळवलेल्या इंजिनाच्या उष्णतेत ते पातळ व्हायचं आणि पिस्टन धरून बसायचा. एरंडेल मात्र १०० अंश सेल्सियसलाही १९ ते २० सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक), म्हणजे आजच्या एसएई ५० या दाट प्रतीच्या तेलाइतकं दाट राहतं. शिवाय त्यातला सुमारे नऊ दशांश भाग रिसिनोलिक आम्लाचा असतो. त्याच्या रेणूवरचा हायड्रॉक्सिल गट धातूला चिकटतो, त्यामुळे तेलाचा पुरवठा क्षणभर तुटला तरी पृष्ठभागावर थर राहतो.

आणखी एक गुण पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी, म्हणजे सिलिंडरसकट फिरणाऱ्या, इंजिनांत कामी आला. त्यांत पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमधूनच जायचं. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून धुऊन निघतं, एरंडेल त्यात फारसं विरघळत नाही. चार्ल्स वेकफिल्ड यांच्या १८९९ साली स्थापन झालेल्या कंपनीने १९०९ मध्ये आपल्या तेलाला 'कॅस्ट्रॉल' हे नाव दिलं, ते 'कॅस्टर' या शब्दावरूनच. एरंडीच्या उत्पादनात आज भारत जगात पहिला आहे आणि त्यात गुजरातचा वाटा सगळ्यात मोठा.

आता दोष. एरंडेल हवेशी संयोग पावून घट्ट होतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पिस्टनच्या रिंगा खाचांत चिकटतात, पंपाचे दाते जाम होतात आणि तेलाच्या बारीक वाटा लाखेसारख्या थराने बंद होतात. ते हवेतलं पाणीही शोषतं, म्हणून उघडा डबा पुढच्या हंगामासाठी ठेवू नये. जे एरंडेल वापरतात त्यांनी दोन शर्यतींमध्ये मोठं अंतर असेल तर इंजिन गरम असतानाच तेल काढून टाकावं. थंडीत ते इतकं दाट असतं की पंपाला ओढवत नाही. तेल गरम करून टाकीत ओतावं आणि टाकी हाताला चांगली गरम लागेपर्यंत इंजिनावर जोर देऊ नये.

सगळ्यात महाग पडणारी चूक मिसळण्याची. एरंडेल आणि खनिज तेल नीट एकजीव होत नाहीत. गोळे तयार होतात आणि ते जाळीत अडकतात. त्यामुळे एरंडेल चाललेल्या इंजिनात खनिज तेल टाकायचं तर नुसतं तेल बदलून भागत नाही. इंजिन पूर्ण उघडा, पंप सुटा करा, क्रँकमधली छिद्रं आणि टाकी धुवा, रबरी नळ्या व जाळी नवी घाला. धुवायला रॉकेल किंवा पेट्रोल चालत नाही, कारण एरंडेल त्यात सुटत नाही. ते मेथिलेटेड स्पिरिटमध्ये सुटतं. शंका असेल तर काचेच्या बरणीत जुनं ५० मिली आणि नवं ५० मिली हलवून रात्रभर ठेवा. सकाळी थर वेगळे दिसले किंवा गाळ बसला तर उत्तर मिळालं.

मॅन्क्ससारख्या एकसिलिंडर इंजिनात बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथे, रोलर बेअरिंग असतं. त्याला तेलाचा मोठा दाब लागत नाही, तेलाचा सतत पुरवठा पुरतो. म्हणून दाट तेल इथे शोभतं. त्या काळच्या ट्रायम्फ आणि बीएसएच्या जोडसिलिंडर इंजिनांत बिग एंडला रोलर नसलेलं साधं (प्लेन) बेअरिंग असतं आणि गाळ धरायला क्रँकमध्ये पोकळी ठेवलेली असते. तिथे प्रश्न डिटर्जंटचा, म्हणजे तेलातल्या साफ करणाऱ्या रसायनाचा, येतो. १९३०च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत रिंगा चिकटत होत्या, त्यावरून डिटर्जंट असलेली तेलं पुढे आली. ती काजळी तरंगती ठेवतात, म्हणून चांगला फिल्टर हवा. फिल्टर नसलेल्या आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या क्रँकमध्ये असं तेल टाकलं तर जुना गाळ सुटून बेअरिंगकडे जाऊ शकतो. पोकळी साफ केलेल्या इंजिनात डिटर्जंट तेल बिनधास्त वापरावं, फक्त ते लवकर लवकर बदलावं.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जस्त आणि फॉस्फरसचं झेडडीडीपी हे झीजरोधक आलं. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम आणि त्यावर घासणारं सपाट टॅपेट यांना त्याचा खरा आधार आहे. २००४ च्या एपीआय एसएम या अमेरिकन तेल-प्रतीत फॉस्फरसवर ०.०८ टक्के मर्यादा आली आणि जुन्या गाड्यांच्या मालकांत घबराट पसरली. पण ती मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ तेलांसाठी होती, २०डब्ल्यू-५० वर लागू नव्हती. तेव्हा प्रतीचं अक्षर पाहून घाबरण्यापेक्षा कंपनीच्या तांत्रिक पत्रकात जस्त-फॉस्फरसचे आकडे वाचावेत. ओला क्लच इंजिनाच्याच तेलात असेल तर डब्यावर जासो एमए (ओल्या क्लचसाठीची जपानी प्रत) असणं आवश्यक, नाहीतर क्लच घसरतो. मॅन्क्सचा क्लच कोरडा, त्यामुळे तिथे हा विचारच नको.

मिथेनॉलवर चालणाऱ्या, स्पीडवे या मातीच्या गोल ट्रॅकवरच्या शर्यतींतल्या जॅप कंपनीच्या इंजिनांत एरंडेलच का, याचंही कारण रसायनात आहे. मिथेनॉल त्यात मिसळतं. खनिज तेलाशी मात्र त्याची पांढरी लापशी होते.

कोणतंही तेल असलं तरी कोरड्या संपची, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या रचनेची, एक खोड राहते. गाडी उभी असताना टाकीतलं तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये साचतं. सुरू करण्याआधी खालचा बोल्ट काढून ते काढा. टाकीखाली तोटी बसवणारे पुष्कळ आहेत, पण ती बंद राहिली तर बिग एंड काही क्षणांत जातो. तोटी लावायचीच असेल तर ती उघडल्याशिवाय ठिणगी मिळणार नाही असा मॅग्नेटोला (ठिणगी पाडणाऱ्या यंत्राला) जोडलेला स्विच तिच्यावर हवा.