डीगॅसर आला हायड्रोजनसाठी, राहिला कार्बनसाठी

वितळलेल्या पोलादातले वायू निर्वातात ओढून काढणारं यंत्र म्हणजे डीगॅसर. त्याची गरज आधी भासली ती हायड्रोजनमुळे. जाड फोर्जिंग (ठोकून घडवलेला पोलादी भाग) थंड होताना आत अडकलेल्या हायड्रोजनने केसासारख्या चिरा पडत. 1954 मध्ये अमेरिकेतल्या वीजकेंद्रांत जनित्रांचे रोटर फुटले आणि हा दोष ऐरणीवर आला. 1600 अंशांना हायड्रोजनच्या 1 वातावरण दाबाखाली पोलादात सुमारे 25 पीपीएम (दहा लाख भागांत 25 भाग) हायड्रोजन मावतो. तोच दाब 1 मिलिबारवर आणला की 1 पीपीएमपेक्षाही कमी. जर्मनीत बोखुमर फेराइन या पोलाद कंपनीने निर्वात टाकीतल्या साच्यात पोलादाची धार सोडायला सुरुवात केली. पुढे डॉर्टमुंडची डीएच (डॉर्टमुंड-ह्योर्डर) पद्धत आली आणि त्या दशकाच्या अखेरीस आरएच (रूरश्टाल-हेरेअस).

टिकली ती आरएच. निर्वात टाकीच्या तळाचे दोन स्नॉर्कल (नळ्या) लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेल्या पोलादाच्या मोठ्या बादलीत, बुडवले की बाहेरच्या हवेचा दाब पोलाद साधारण 1.4 मीटर वर ढकलतो. एका स्नॉर्कलमध्ये आरगॉन वायू सोडतात. तिथून पोलाद चढतं, दुसऱ्यातून उतरतं.

मोटारींच्या पत्र्याला कार्बन 30 पीपीएमच्या खाली हवा झाला तेव्हा हेच यंत्र कामी आलं. कन्व्हर्टरमध्ये (ऑक्सिजन फुंकून कार्बन जाळायच्या भट्टीत) 0.03 टक्क्यांच्या, म्हणजे 300 पीपीएमच्या, खाली जायला गेलं तर कार्बनऐवजी लोखंडच जळायला लागतं. निर्वातात मात्र पोलादात विरघळलेला ऑक्सिजनच उरलेला कार्बन घेऊन वायुरूपात निघून जातो. हिशोब सरळ आहे: 300 पीपीएम कार्बनला 400 पीपीएम ऑक्सिजन. म्हणून अशी हीट (पोलादाचा एक घाणा) ऑक्सिजन बांधणारं ॲल्युमिनियम न टाकता टॅप करतात, म्हणजे कन्व्हर्टरमधून लॅडलमध्ये ओततात. घाईने आधीच टाकलं, तर ऑक्सिजन ॲल्युमिनात (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडात) अडकतो आणि मग पंप कितीही चालवा, कार्बन हलत नाही. ऑक्सिजन कमी पडला तर टाकीतच फुंकायची सोय जपानमध्ये झाली: 1970 च्या दशकात निप्पॉन स्टीलची आरएच-ओबी, नंतर कावासाकीची वरून लान्स (ऑक्सिजन फुंकायची नळी) सोडणारी केटीबी.

पंधरा-वीस मिनिटांत कार्बन उतरतो. तो परत चढतो हीच खरी डोकेदुखी. आधीच्या जास्त कार्बनच्या हीटचे शिंतोडे टाकीच्या भिंतीवर गोठलेले असतात. ते वितळून खाली आले की आकडा बिघडतो. लॅडलच्या मॅग्नेशिया-कार्बन विटा, टंडिशची (लॅडल आणि साचा यांच्यामधल्या कुंडाची) पावडर, साच्यात पोलादावर टाकायची मोल्ड पावडर हेही वाटेकरी. परत चढलेल्या प्रत्येक पीपीएम कार्बनला बांधायला 4 पीपीएम टायटॅनियम जास्तीचं मोजावं लागतं.