काडी गेली की नाव बदलतं: वाईनच्या द्राक्षांच्या नावांमागची गोष्ट

निफाडकडे कुणाच्याही बागेत शिरा आणि काय लावलंय विचारा, बरेचदा उत्तर येतं 'थामसन'. हा थॉमसन कोण, हे विचारायची पद्धत नाही. माझा मामा तिथला, तीसेक वर्षं द्राक्षं करतोय, त्यालाही वाटायचं की कुणीतरी शास्त्रज्ञ असणार ज्याने ही जात काढली. तर विल्यम थॉमसन हा मूळचा इंग्लंडचा, कॅलिफोर्नियात जाऊन राहिलेला साधा शेतकरी. त्याने १८७० च्या दशकात एका नर्सरीतून काड्या मागवल्या, त्या लागल्या, शेजारपाजारच्यांनी त्याच्याकडून नेल्या आणि द्राक्षाला त्याचं नाव चिकटलं ते चिकटलंच. द्राक्ष जुनंच होतं, तुर्कस्तानाकडे त्याला सुलताना म्हणतात.

वाईन नवीन नवीन प्यायला लागलेल्या लोकांचं डोकं इथेच फिरतं. एका बाटलीवर सिरा, दुसरीवर शिराज, आणि जाणकार सांगतो दोन्ही एकच. मग पिनो न्वार आणि पिनो ग्री वेगळे कसे? कॅबर्ने फ्राँ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों भाऊ भाऊ का बापलेक? हे पाठ करण्यात अर्थ नाही असं माझं मत आहे, त्यापेक्षा ही नावं पडली कशी ते एकदा कळलं की निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

पहिली गोष्ट, द्राक्षाची बी लावून तीच जात येत नाही. हापूसच्या कोयीतून हापूसच निघेल याची खात्री नसते तसंच. प्रत्येक बी म्हणजे नवीन पोर, आईबापांसारखं असेलच असं नाही. म्हणून जात टिकवायची तर काडीच लावावी लागते, आणि काडी म्हणजे त्याच वेलाचा तुकडा. आज जगात जिथे जिथे कॅबर्ने सोव्हिन्यों आहे तो सगळा कधीकाळच्या एकाच वेलाचे तुकडे तुकडे आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा जरा विचित्रच वाटलं होतं. आणि काडी खिशात घालून कुठेही नेता येते, तिच्यावर नाव लिहिलेलं नसतं, नेणारा जे सांगेल ते नाव. चिठ्ठी हरवली की नवीन गावात नवीन नाव.

शिराजचंच बघा. इराणात शिराज नावाचं शहर आहे, तिथे पूर्वी वाईन व्हायची, मग कुणी धर्मयुद्धावरून परतलेल्या सरदाराने तिथली वेल फ्रान्समधे र्‍होन नदीकाठी एर्मिताजच्या टेकडीवर आणून लावली अशी छान गोष्ट सांगतात. आपल्याकडे टेस्टिंग रूममधे पण ऐकायला मिळते. गोष्ट छान आहे पण खोटी आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने आणि फ्रान्समधल्या माँपेलिएच्या संशोधकांनी मिळून डीएनए तपासला, तर आईबाप निघाले द्युरेझा आणि माँद्यूज ब्लांश, दोन्ही फ्रान्सच्या आग्नेय भागातले आणि बाहेर फारसे कुणाला माहीत नसलेले. इराणचा काही संबंध नाही. मग शिराज हे नाव आलं कुठून? जेम्स बस्बी नावाच्या माणसाने १८३१ मधे फ्रान्स आणि स्पेन फिरून शेकडो काड्या गोळा केल्या आणि ऑस्ट्रेलियाला पाठवल्या, त्यात ही पण होती, त्याच्या नोंदीत स्पेलिंग सिरासच्या जवळपासचं आहे, आणि ऑस्ट्रेलियन तोंडात त्याचं शिराज झालं. नाशिकच्या बाटल्यांवर मुख्यतः हेच ऑस्ट्रेलियन नाव आलं.

आता काडी प्रत्यक्षात लावतात कशी ते सांगतो कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच निघते. मामाकडे ऑगस्ट-सप्टेंबरात कलम करायला माणसं येतात. आधी नुसते खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते मुळांचं झाड, लावलेले असतात, डॉगरिज नावाचे, ही अमेरिकन जंगली वेल, तिची द्राक्षं कुणी खात नाही. खुंट वरून सपाट छाटायचा, धारदार चाकूने मधोमध उभी चीर द्यायची, मग हव्या त्या जातीची दोन डोळ्यांची (डोळा म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा) काडी घेऊन तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं करायचं आणि त्या चिरेत बसवायचं, सालीला साल भिडली पाहिजे, मग प्लॅस्टिकची पट्टी करकचून गुंडाळायची. कसलेल्या माणसाचं एक कलम मला मोबाईलमधून फोटो काढेपर्यंत होऊन जातं. आपल्याकडे हा खुंट वापरतात तो खारं पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून. पण ही पद्धत जगभर पसरली ती एका किड्यामुळे.

फायलोक्सेरा हा मुळांवरचा मावा, इतका बारीक की भिंगाशिवाय नीट दिसत नाही. १८६० च्या दशकात अमेरिकन वेलींबरोबर तो फ्रान्सला पोचला, १८६३ मधे दक्षिणेत पहिले वेल वाळायला लागले, १८६८ मधे माँपेलिएचा वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुळं उकरून किडा दाखवला, आणि पुढच्या वीसेक वर्षांत निम्म्याच्या आसपास बागा गेल्या. अमेरिकन मुळांना या किड्याची सवय होती, म्हणून शेवटी तोडगा निघाला की खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच काडी. पण सगळ्या बागा नव्याने लावायच्या म्हटल्यावर शेतकरी काय करणार, जी जात हमखास पिकते तीच लावणार, लाडाकोडाच्या जाती गेल्या. फ्रान्समधल्या बोर्दो या वाईनच्या मुलखातून कार्मेनेर ही जात अशीच गायब झाली, फुलं गळायची तिची, उत्पन्न धड नाही.

आणि इथे मला सगळ्यात आवडणारा किस्सा येतो. किडा यायच्या आधीच, १८५० च्या सुमारास, चिलीतल्या श्रीमंत लोकांनी बोर्दोहून काड्या नेल्या होत्या. त्यात मर्लो होती, कार्मेनेर होती, दोघींची पानं सारखी दिसतात, चिठ्ठ्या कुठेतरी हरवल्या, आणि सव्वाशे-दीडशे वर्षं चिलीत ते सगळं मर्लो म्हणून लावलं गेलं, विकलं गेलं, प्यायलं गेलं. लोक म्हणायचे चिलीच्या मर्लोची चव जरा वेगळीच, हिरव्या ढोबळी मिरचीसारखी लागते, मातीचा गुण असेल. १९९४ च्या नोव्हेंबरात माँपेलिएचा द्राक्षतज्ज्ञ जाँ-मिशेल बूर्सिको तिथे गेला, तिकडे तेव्हा वेली फुलावर असतात, त्याने फूल हातात धरून बघितलं तर पुंकेसर पिळलेले, मर्लोचे सरळ असतात. मर्लो नाही, कार्मेनेर आहे म्हणाला. पुढे चिलीने तिलाच आपली ओळख बनवली. मातीचा गुण म्हणून ज्याचं कौतुक चाललं होतं ते चुकीच्या चिठ्ठीचं निघालं, म्हणून कुणी बाटलीत मातीचा गुण सांगायला लागलं की मी जरा सावध होतो.

आपल्याकडच्या शेनिन ब्लाँचं पण असंच, फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली ही जात दक्षिण आफ्रिकेत स्टीन नावाने इतकी वर्षं मुरली की तिकडच्यांना ती आपलीच वाटायची, १९६५ मधे कळलं की ही तर शेनिन.

झिनफांडेलचं अजून पुढचं. अमेरिकेत तिला अस्सल अमेरिकन म्हणून मिरवायचे. १९६७ मधे एक अमेरिकन शास्त्रज्ञ, ऑस्टिन गोहीन, इटलीत गेला आणि पुलियामधली प्रिमितिव्हो बघून म्हणाला ही झिनफांडेलसारखीच दिसते. अमेरिकेतच माइक ग्रगिच नावाचा वाईनमेकर होता, मूळचा क्रोएशियाचा, तो म्हणायचा ही आमच्याकडची प्लावाच माली आहे. डेव्हिस विद्यापीठातल्या कॅरोल मेरेडिथने झाग्रेबच्या संशोधकांना बरोबर घेऊन क्रोएशियाचा किनारा पिंजून काढला, प्लावाच माली जुळेना, आणि २००१ मधे कश्टेल गावाकडच्या एका जुन्या बागेत मोजकेच वेल उरलेली त्सर्ल्येनाक नावाची जात झिनफांडेलशी जुळली. प्लावाच माली ही तिची लेक निघाली, म्हणजे ग्रगिच अगदीच चुकला नव्हता, घर बरोबर होतं, पिढी चुकली.

याच मेरेडिथने आणि जॉन बॉवर्सने त्याआधी १९९७ मधे दाखवलं होतं की कॅबर्ने सोव्हिन्यों ही कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ यांची औलाद, काळी आणि पांढरी द्राक्षं शेजारी लावलेली, कधीतरी आपसूक संकर झाला. नावातच दोन्ही पालक होते आणि तरी कुणाचा विश्वास बसला नव्हता. १९९९ मधे शार्डनेचे पालक सापडले, एक खानदानी पिनो आणि दुसरी गूए ब्लाँ, जिला गरीबांचं हलकं द्राक्ष म्हणून हेटाळलं जायचं आणि कित्येकदा लावायलाही बंदी होती. वाईनवाल्यांचा तोरा बघता मला याचा फार आनंद झाला.

बाटलीवर द्राक्षाचं नाव लिहायची पद्धत मात्र अलीकडची. फ्रेंच लोक गावाचं नाव लिहितात, बूर्गोनची (इंग्रजीत बर्गंडी) लाल वाईन म्हणजे पिनो न्वार हे तुम्हाला माहीत असणारच असं धरून, आणि १९३५ पासून तर त्याचा कायदाच आहे, गाव कुठलं, द्राक्ष कुठलं, एकरी किती. अमेरिकन लोक आपल्या वाईनवर बिनधास्त बर्गंडी, शाब्ली अशी फ्रेंच ठिकाणांची नावं लिहायचे. मग फ्रँक शूनमेकर नावाच्या वाईनच्या व्यापाऱ्याने दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास द्राक्षाचंच नाव लिहा असा लकडा लावला. तिकडे आधी बाटलीत ५१ टक्के ते द्राक्ष असलं तरी चालायचं, १९८३ पासून ७५ टक्के लागतं. नाशिकला नव्वदीच्या शेवटी शेनिन आणि सोव्हिन्यों ब्लाँ लागायला सुरुवात झाली तेव्हा ही पद्धत आयती तयार होती.

हे सगळं दिवाळीत मामाला सांगत होतो. म्हटलं पिनो न्वार, पिनो ग्री, पिनो ब्लाँ हे एकाच वेलीच्या फांद्यांवर झालेले बदल आहेत, साध्या डीएनए चाचणीला तिन्ही एकच दिसतात. आपल्याकडे पण तेच, तासगावकडची तास-ए-गणेश किंवा सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळेंनी काढलेली सोनाका, लांब मण्याची, मूळ थॉमसनच, कुणाच्यातरी नजरेला एखादी फांदी वेगळी दिसली आणि तिची काडी वाढवली. मामा बेदाणे निवडत बसला होता. म्हणाला, "एकच हाये तर मंग व्यापाऱ्याला सांग ना, दोन्हीला एकच भाव लाव म्हणा."