गळतीला चेहरा कुणाचा?

२०१०च्या मे महिन्यात मेक्सिकोच्या आखातात दीड किलोमीटर खोल पाण्याखाली एक तेलविहीर बेफाम ओकत होती. ती बंद करायला निघालेल्या इंजिनिअरांनी आपल्या उपायांना नावं दिली होती 'टॉप हॅट', 'टॉप किल' आणि 'जंक शॉट'. पहिला उपाय म्हणजे गळतीवर घालायची लोखंडी टोपी. शेवटच्यात विहिरीच्या नरड्यात रबराचे तुकडे आणि गोल्फचे चेंडू कोंबायचे होते. दूरचित्रवाणीवर हे सगळं गंभीर चेहऱ्याने समजावून सांगितलं जात होतं. व्यंगचित्रकाराने यात आणखी काय भर घालायची?

तरी त्यांनी घातली. त्या उन्हाळ्यात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये तेलगळतीवर व्यंगचित्रांचा पूर आला. तो समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

आधी घटना. २० एप्रिल २०१०च्या रात्री, लुइझियानाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६६ किलोमीटरवर, 'डीपवॉटर होरायझन' या रिगवर, म्हणजे समुद्रात विहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर, स्फोट झाला. ११ कामगार गेले. दोन दिवसांनी, २२ एप्रिलला, म्हणजे नेमक्या वसुंधरा दिनालाच, रिग बुडाली. विहीर बीपी या ब्रिटिश तेलकंपनीची, रिग ट्रान्सओशनची, विहिरीतलं सिमेंटचं काम हॅलिबर्टनचं, तळावरचं झडपांचं यंत्र कॅमेरॉनचं. ते यंत्र ऐनवेळी विहीर बंद करू शकलं नाही. गळती ८७ दिवस चालली. सरकारी अंदाजानुसार विहिरीतून ४९ लाख पिंपं तेल बाहेर पडलं. त्यातलं समुद्रात किती गेलं यावर पुढे खटला चालला आणि न्यायालयाने ३१.९ लाख पिंपं हा आकडा धरला. एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर.

आता व्यंगचित्रकाराची अडचण पाहा. त्याचं सगळं भांडवल म्हणजे नाक, कान, पोट आणि चष्मा. तेलाला यातलं काहीच नाही. ते काळं, सपाट, पसरट. पाण्यावरचा तवंग कागदावर काढला तर शाई सांडल्यासारखा दिसतो. शिवाय दोष चार कंपन्यांत आणि एका ढिल्या सरकारी खात्यात वाटलेला. रेषेला एक माणूस लागतो. म्हणून दर मोठ्या गळतीनंतर व्यंगचित्रकार आधी चेहरा शोधायला निघतो, आणि तो ज्याचा सापडतो त्याच्या माथी इतिहास चिकटतो. बाकीचे चौकटीबाहेर उभे राहून बघतात.

तेलाला पहिलं शरीर मिळालं ते गळतीमुळे नव्हे, मक्तेदारीमुळे. ७ सप्टेंबर १९०४च्या 'पक' या अमेरिकी साप्ताहिकात उडो केपलरने तेलसम्राट रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचं चित्र काढलं. तेलाची गोल टाकी हेच एका अवाढव्य अष्टपादाचं, म्हणजे ऑक्टोपसचं, डोकं. त्याच्या सोंडांनी पोलाद, तांबं आणि जहाज उद्योगांना विळखा घातलाय, एका राज्याचं विधिमंडळ पकडलंय, वॉशिंग्टनचं कॅपिटॉल, म्हणजे संसदभवन, आवळलंय, आणि एक मोकळी सोंड व्हाइट हाउसकडे सरकतेय. खाली एकच शब्द, 'पुढचं!'. माझ्या मते तेलावरचं हे अजूनही सर्वांत नेमकं चित्र आहे, कारण त्यात माणूसच नाही, यंत्रणा आहे. केपलरने चेहरा शोधला नाही, प्राणी शोधला.

१९११मध्ये न्यायालयाने ही कंपनी मोडून तिचे ३४ तुकडे केले. न्यू जर्सीच्या तुकड्याची पुढे एक्सॉन झाली. ओहायो आणि इंडियानाचे तुकडे फिरत फिरत, १९८७ आणि १९९८मध्ये, बीपीच्या पोटात गेले. बीपी जन्माने इराणच्या तेलावर उभी राहिलेली इंग्रजी कंपनी, पण अष्टपादाच्या दोन सोंडा तिच्याही वारशात आल्या.

समुद्रातल्या गळतीवर हसण्याची मोठी सुरुवात १९६७ची. १८ मार्चला 'टॉरी कॅन्यन' हे टँकर जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ खडकावर चढलं. पोटात सुमारे १ लाख १९ हजार टन कुवेती तेल. झेंडा लायबेरियाचा, मालक बर्म्युडातली एक कागदी कंपनी, भाडेकरू कॅलिफोर्नियाची युनियन ऑइल, त्या फेरीपुरती पोटभाडेकरू बीपी, कप्तान इटालियन. चेहरा कुणाचा काढायचा? मग वृत्तपत्रांनी जवळचा धरला, पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन. पाइप आणि रेनकोट व्यंगचित्रकारांच्या हातात बसलेलेच होते, आणि त्यांचं सुट्टीचं घर नेमकं जवळच्या सिली बेटांवर. सरकारने उरलेलं तेल जाळून टाकायला जहाजावर विमानांतून बॉम्ब टाकले. खडकावर अडकून पडलेल्या, जागचं न हलणाऱ्या जहाजावरचे बरेच नेम चुकले. ब्रिटिश हवाई दलाची इतकी थट्टा क्वचितच झाली असेल. बीपी मात्र चौकटीबाहेर.

दोन वर्षांनी, २८ जानेवारी १९६९ला, कॅलिफोर्नियाच्या सँटा बार्बरासमोर त्याच युनियन ऑइलच्या फलाटाखालची विहीर फुटली. तेल शोषायला किनाऱ्यावर गवताचा पेंढा पसरला जात होता. चंद्रावर माणूस पाठवायच्या वर्षी पेंढा! पण लोकांच्या लक्षात राहिलं ते कंपनीचे अध्यक्ष फ्रेड हार्टली यांचं वाक्य, की 'थोडे पक्षी मेले त्याचा एवढा गाजावाजा होतो याचं मला आश्चर्य वाटतं'. खरं तर सिनेटच्या समितीपुढे ते थोडं वेगळं बोलले होते. पक्ष्यांच्या मरणाला माणसांच्या मरणापेक्षा जास्त प्रसिद्धी मिळते, असं काहीसं. तेही फार शहाणपणाचं नव्हतं, पण छापून आलं ते छाटलेलं आणि जास्त दुष्ट. नंतर दुरुस्त्या आल्या, त्या कोण वाचतो? हे वाक्याचं अर्कचित्रच म्हणायचं. नाक जरा लांब केलं की माणूस पटकन ओळखू येतो. तेलाने माखलेला पक्षी तेव्हापासून या चित्रांतला कायमचा साक्षीदार झाला.

१९७९मध्ये मेक्सिकोच्या सरकारी पेमेक्स कंपनीची इक्सटॉक विहीर फुटली आणि नऊ महिने वाहिली. तिच्यावरही पोलादी शंकू बसवायचा प्रयोग झाला, नाव 'सॉम्ब्रेरो', म्हणजे मेक्सिकन टोपी. तीस वर्षांनी त्याच आखातात पुन्हा टोपीच. इंजिनिअरांची कल्पनाशक्ती डोक्यावरच अडकते, बाकी काय!

१९८९ची अलास्काची गळती जास्त बोलकी आहे. २४ मार्चला 'एक्सॉन वाल्डीझ' हे जहाज प्रिन्स विल्यम साउंडमधल्या खडकावर आदळलं आणि १ कोटी १० लाख गॅलनच्या आसपास तेल सांडलं. या वेळी चेहरा आयता मिळाला, दाढीवाला कप्तान जोसेफ हेझलवुड. तो आधी बंदरावर दारू प्याला होता, आणि आदळण्याच्या वेळी सुकाणूपाशी नव्हता. व्यंगचित्रांना आणि रात्रीच्या विनोदी कार्यक्रमांना वर्षभराचा खुराक मिळाला. झोकांड्या खाणारं जहाज, बाटलीच्या आकाराचं जहाज, बर्फ टाकून प्यायचं तेल.

पण १९९०मध्ये ज्युरीने त्याला नशेत जहाज चालवल्याच्या आरोपातून मोकळं केलं. शिक्षा झाली ती निष्काळजीपणे तेल सांडल्याच्या किरकोळ गुन्ह्याबद्दल. चौकशीत निघालेली कारणं कंटाळवाणी होती. खलाशी कमी, त्यामुळे थकलेले. कंपनीची देखरेख ढिली, तटरक्षक दलाची वाहतूक-व्यवस्था अपुरी. गळती झाल्यावर पहिल्या काही तासांत धावून जायचं काम अल्येस्का या तेलकंपन्यांच्या सामायिक संस्थेचं होतं, ती पोचली उशिरा आणि अपुऱ्या साहित्यानिशी. या अल्येस्कात सर्वांत मोठा हिस्सा कुणाचा? बीपीचा. पण थकलेल्या खलाश्याचं किंवा भागभांडवलाच्या टक्केवारीचं व्यंगचित्र कसं काढणार? बाटली काढणं सोपं. मला वाटतं, त्या बाटलीने एक्सॉनचा बराच त्रास वाचवला.

२०१०मध्ये बीपी अखेर चौकटीच्या मधोमध आली, आणि चेहराही तिने स्वतःच पुरवला. मुख्याधिकारी टोनी हेवर्ड शिक्षणाने भूशास्त्रज्ञ. २००७मध्ये पदावर येताना, सुरक्षेवर आपलं लेझरसारखं लक्ष राहील असं ते म्हणाले होते. मे महिन्याच्या मध्याला ते म्हणाले, मेक्सिकोचं आखात फार मोठं आहे, त्या मानाने तेल अगदी थोडं. ३० मे रोजी कॅमेऱ्यासमोर दिलगिरी व्यक्त करता करता ते बोलून गेले की, हे संपावं असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नाही, मला माझं आयुष्य परत हवंय. अकरा घरांत माणसं परत येणार नव्हती. त्यांनी लगेच माफी मागितली, पण वाक्य कागदावर उतरलं होतं. १९ जूनला ते इंग्लंडच्या वाइट बेटाजवळ आपल्या शिडाच्या नौकेतून शर्यत बघताना दिसले. निळं पाणी, पांढरं शीड. व्यंगचित्रकाराने फक्त पाण्याचा रंग बदलायचा बाकी होता.

त्याच आठवड्यात कंपनीचे स्वीडिश अध्यक्ष कार्ल-हेन्रिक स्वानबर्ग 'आम्हाला छोट्या माणसांची काळजी आहे' असं म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी टेक्ससचे खासदार जो बार्टन यांनी भर सुनावणीत बीपीचीच माफी मागितली. सरकारने तिच्याकडून २० अब्ज डॉलरचा भरपाई-निधी उभा करून घेतला, ही त्यांच्या मते खंडणी. त्यामुळे त्या जूनमध्ये चेहऱ्यांची टंचाई नव्हती. ओबामाही सुटले नाहीत. स्फोटाच्या तीन आठवडे आधीच त्यांनी किनाऱ्याबाहेरचा नवा प्रदेश तेलशोधासाठी खुला करायची घोषणा केली होती. रिपब्लिकनांची २००८ची 'ड्रिल, बेबी, ड्रिल', म्हणजे तेलासाठी खोदत सुटा, ही आरोळी तर चित्राखाली जशीच्या तशी छापली तरी पुरत होती.

पण माझ्या मते त्या वर्षीचं खरं नवं चित्र माणसाचं नव्हतं, बोधचिन्हाचं होतं. २०००मध्ये बीपीने जुनी ढाल टाकून हिरवं-पिवळं सूर्यफूल घेतलं होतं आणि 'पेट्रोलियमच्या पलीकडे' असं घोषवाक्य लावलं होतं. या फुलाच्या पाकळ्या आता काळ्या ठिबकू लागल्या. २० मे रोजी ग्रीनपीसच्या लोकांनी लंडनमधल्या मुख्यालयाच्या सज्जावर चढून तेलाने बरबटलेल्या फुलाचं निशाण लावलं, आणि नवं बोधचिन्ह सुचवण्याची स्पर्धाच जाहीर केली. शेकडो लोकांनी घरी बसून चित्रं केली. व्यंगचित्र ही आता वृत्तपत्रातल्या एकाच टेबलाची मिरास उरली नव्हती. ट्विटरवर बीपीच्या जनसंपर्क खात्याचं सोंग घेतलेलं एक खातं निघालं, आणि कंपनीच्या खऱ्या खात्यापेक्षा तेच जास्त लोक वाचू लागले.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे समुद्रतळावरचा कॅमेरा. सुरुवातीला गळती रोज हजार पिंपं सांगितली गेली, मग पाच हजार. संसदेच्या दबावामुळे ते थेट दृश्य लोकांना खुलं झालं आणि शास्त्रज्ञांनी पडद्यावरून मोजायला घेतलं. शेवटी आकडा रोजच्या ५० हजारांच्या वर गेला. आखातापासून हजारो मैलांवर बसलेला माणूसही संगणकाच्या कोपऱ्यात तो तपकिरी लोट चालू ठेवून काम करत होता. हार्टलीच्या काळी कंपनीचा शब्द खोडायला महिने लागले असते.

आणि मग वॉलरस. आखातात गळती झाल्यास काय करायचं याचा बीपीचा ५८२ पानांचा आराखडा पत्रकारांनी उघडला, तर जपायच्या प्राण्यांच्या यादीत वॉलरस. आर्क्टिकच्या बर्फात राहणारा, सुळेवाला. मेक्सिकोच्या कोमट पाण्यात! संपर्कासाठी दिलेल्या तज्ज्ञांत २००५मध्येच वारलेले एक शास्त्रज्ञही होते. जूनच्या सुनावणीत उघड झालं की एक्सॉन, शेव्हरॉन, कोनोको आणि शेल यांचे आराखडेही जवळपास तसेच आहेत. कुणीतरी अलास्काचा मजकूर उचलून चिकटवला असावा. मला हेवर्डच्या नौकेपेक्षा हा वॉलरस जास्त मोलाचा वाटतो. केपलरच्या अष्टपादासारखाच तो कुणा एकाचा चेहरा नव्हे. पाचपैकी चार कंपन्यांच्या फायलींत तो बसला होता आणि कुणाच्याच नजरेला पडला नव्हता.

ऑक्टोबरमध्ये हेवर्ड गेले, बॉब डडली आले. २०१२मध्ये बीपीने मनुष्यवधाच्या ११ गुन्ह्यांची कबुली दिली. तोवर व्यंगचित्रं थांबली होती.

बीपीच्या त्या विहिरीचं, मकाँडोचं, तोंड १५ जुलै २०१०ला बंद झालं. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ७ ऑगस्टला, मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली. कलंडलेलं जहाज, पाण्यात घसरणारे कंटेनर आणि सुमारे ८०० टन तेल. तवंग अलिबागपर्यंत पोचला, मासे विकले जाईनात. पण चेहरा कुणाचाच नव्हता. दोन परदेशी जहाजं, दोन कप्तान, एक चौकशी.

गोव्याच्या किनाऱ्यावर तर दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर डांबराचे गोळे येतात. बाणावलीच्या वाळूत चालताना माझ्या तळपायाला असाच एक चिकटला. साबणाने जाईना. शॅकवाल्याने न विचारता टेबलाखालून रॉकेलची बाटली आणि फडकं काढून दिलं. कुठून येतात हे, विचारलं तर त्याने समुद्राकडे हनुवटी उडवली, तिथे क्षितिजावर एकापाठोपाठ एक पाच-सहा जहाजं उभी होती.