मिस्ड कॉल

मिस्ड कॉल : पलीकडच्याने उचलू नये याच हेतूने लावलेला आणि एक-दोन रिंग वाजताच तोडलेला फोन. बोलण्यात ‘मिसकॉल’. भारतात मोबाइल स्वस्त होऊ लागल्यापासून बोलणे जवळपास फुकट होईपर्यंत, म्हणजे साधारण 2003 ते 2016 या काळात, असंख्य घरांचे आणि धंद्यांचे निरोप याच मार्गाने जात. हा वापर कोणत्याही कंपनीने योजलेला नव्हता. तो ग्राहकांनी बिल आकारण्याच्या पद्धतीतून शोधून काढला, आणि पुढे कंपन्या, राजकीय पक्ष व दूरसंचार नियामक यांना त्याच्याशी जुळवून घ्यावे लागले.

फोन लावला की आधी यंत्रणा पलीकडचा क्रमांक शोधते, तो मोकळा आहे का ते पाहते आणि मग रिंग वाजवते. पैसे मात्र पलीकडून फोन उचलल्याचा संकेत आल्यावरच मोजले जातात. तोवरचा भार कंपनीवर. लँडलाइनवरही लोक याचा उपयोग करत. गावाला सुखरूप पोहोचले की दोन रिंग द्यायच्या आणि फोन ठेवायचा. पण तेव्हा फोन कोणाचा हे सहसा कळत नसे, म्हणून आधी ठरलेली एखादीच खूण चाले. मोबाइलच्या पडद्यावर नाव दिसू लागले आणि रिंग वाजणे हाच पूर्ण निरोप झाला.

पैसे न भरता निरोप पोहोचवण्याची धडपड फोनपेक्षा जुनी आहे. इंग्लंडमध्ये 1840 पूर्वी टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई. तेव्हा लोक पाकिटावरच खुणा करत; घेणारा त्या वाचून पत्र न घेताच परत पाठवी. रोलंड हिल यांच्या सुधारणांनी आगाऊ तिकीट रूढ केले, त्यामागे ही गळतीही एक कारण होते.

भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण 31 जुलै 1995 रोजी कोलकाता आणि दिल्लीदरम्यान झाले. सुरुवातीच्या वर्षांत येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. 2003 मध्ये फोन करणाऱ्यानेच पैसे भरायचे ही पद्धत लागू झाली आणि इनकमिंग मोफत झाले. 2005 च्या अखेरीस ‘लाइफटाइम’ योजना आल्या. एकदा पैसे भरले की बॅलन्स शून्य असला तरी फोन येत राहणार. खिशात फोन आहे, रिचार्जला पैसे नाहीत, अशा मोठ्या वर्गाला मिसकॉल हे बोलण्याचे साधन मिळाले.

त्याचे शिष्टाचार कोणी लिहून ठेवले नाहीत, तरी ते सर्वांना ठाऊक होते. वसतिगृहातली मुलगी वडिलांना मिसकॉल देई, वडील उलट फोन करत. वडिलांनी मुलीला मिसकॉल देणे कोणाला रुचले नसते. ‘खाली आलो की मिसकॉल मारतो’ यात मित्रांमध्ये कमीपणा नव्हता. नोकरी मागायला जाणाऱ्याने साहेबाला मिसकॉल देणे मात्र उद्धटपणा. प्रेमात पडलेल्यांसाठी रात्रीची एक रिंग ‘आठवण आली’ एवढेच सांगे आणि तिला उत्तरही रिंगनेच मिळे. संशोधक जोनाथन डोनर यांनी रवांडातील अशाच प्रथेचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. ज्याची ऐपत जास्त त्याने पैसे भरायचे, हा नियम त्यांना तिथेही आढळला. माझ्या मते मिसकॉलचे खरे महत्त्व इथे आहे. नात्यात खर्च कोणी उचलायचा याची जी समज समाजात आधीच होती, ती एका यंत्रावर जशीच्या तशी उतरली.

पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे उपकरण मिसकॉलच्या सख्ख्या शेजारचे. विहिरीवरच्या पंपाला जोडलेल्या मोबाइलला शेतकरी घरूनच फोन लावतो, वीज आहे का ते जाणतो आणि पंप चालू-बंद करतो. रात्री-बेरात्री येणाऱ्या विजेसाठी अंधारातून शेतावर जाण्याची पाळी त्यामुळे टळते.

ग्राहकांची ही सवय बाजाराने लवकरच ओळखली. 2010 मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या झिपडायलने मिसकॉलवर जाहिरातींचा व्यवसाय उभारला. 2015 मध्ये ट्विटरने ती कंपनी विकत घेतली. हिंदुस्तान युनिलिव्हरने बिहार-झारखंडमध्ये ‘कान खजूरा टेसन’ चालवले : मिसकॉल द्या, उलट फोनवर गाणी, विनोद आणि मध्ये साबण-शाम्पूच्या जाहिराती. अण्णा हजारे यांच्या 2011 च्या आंदोलनाने पाठिंबा मिसकॉलने मोजला, तर भारतीय जनता पक्षाने 2014 पासूनची सदस्य नोंदणी त्यावर केली. सभेला जाण्याचे भाडे नसलेल्यालाही यातून हजेरी लावता आली, हे मोलाचे. पण एका रिंगला सदस्यत्व मानले की त्यामागची बांधिलकी किती, हे आकड्यावरून कळत नाही.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओने बोलणे मोफत केले आणि मिसकॉलचे आर्थिक कारण झपाट्याने ओसरले. 2018 च्या अखेरीस इतर कंपन्यांनी इनकमिंग चालू ठेवण्यासाठीही किमान रिचार्ज सक्तीचे केले. सुरुवातीला ते 35 रुपयांचे होते. लाइफटाइमचा आधार गेला, आणि त्याचा फटका सर्वांत कमी पैसे असलेल्यांना बसला.

त्यानंतर कंपन्याच या खेळात उतरल्या. दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन लागला की फोन करणाऱ्याची कंपनी मिनिटाला 6 पैसे देई. 2019 मध्ये जिओने रिंगचा कालावधी घटवला. फोन उचलण्याआधीच तुटावा, समोरच्याने उलट फोन करावा आणि पैसे आपल्याकडे यावेत, असा यामागचा डाव असल्याचा आरोप एअरटेलने केला. जिओने तो नाकारला. चढाओढीत एअरटेल आणि व्होडाफोन आयडियानेही रिंग आखूड केली. शेवटी नियामक ट्रायने नोव्हेंबर 2019 मध्ये मोबाइलसाठी 30 आणि लँडलाइनसाठी 60 सेकंदांची रिंग ठरवून दिली.

हे 6 पैसे 1 जानेवारी 2021 पासून रद्द झाले. त्याच दिवशी इंडेनने मिसकॉलवर सिलिंडर नोंदवण्याची सोय सुरू केली. बँकेतली शिल्लक विचारण्यासाठी, साध्या बटणांच्या फोनवरून सरकारी सेवा मिळवण्यासाठी आणि नव्या ओळखीत नंबर देण्या-घेण्यासाठी मिसकॉल आजही वापरात आहे.